आधी डेटा कुठून येणार ते विचारा

प्रश्न : भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालं, मग तीन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. वय २८. समुद्रविज्ञानात पीएचडी करायचं हे आता पक्कं ठरलंय. सध्या हातात दोन गोष्टी आहेत. एका प्राध्यापकांनी किनाऱ्यावरच्या मायक्रोप्लास्टिकवर काम करायला बोलावलंय. विषय मला आवडतो, पण पगार नाही, शिष्यवृत्ती नाही. ‘या तर खरं, पुढचं पुढे बघू’ असं म्हणतात. दुसरीकडे परदेशातल्या एका विद्यापीठात चार वर्षांची पगारी जागा आहे : नदीच्या मुखातून खारं पाणी आत कुठवर शिरतं, याचं संगणकी मॉडेल. पहिली मुलाखत झाली, दुसरी दोन आठवड्यांनी आहे. पण त्यात जहाज नाही. माझं खरं स्वप्न ध्रुवीय मोहिमेचं. खुर्चीत बसून मॉडेलच चालवायचं, तर नोकरी काय वाईट होती? शिवाय मला पोहता येत नाही आणि बोट लागते. वयही वाढलंय. काय करू?
– खाऱ्या पाण्याची ओढ

उत्तर : दोन आठवडे फार नाहीत, म्हणून निकाल आधी सांगते आणि कारणं मागून. पगारी जागेच्या दुसऱ्या मुलाखतीला जा, आणि पुढे जे प्रश्न येतील ते लिहून घेऊन जा. उत्तरं पटली तर जागा घ्या. मायक्रोप्लास्टिकचं आमंत्रण नाकारा. ध्रुवाचं स्वप्न सोडू नका, पण त्याच्या जोरावर पीएचडीही निवडू नका.

या क्षेत्रात जागा शोधणारी बहुतेक मंडळी संस्थेचं नाव बघतात, देश बघतात आणि मनातल्या मनात जहाज बघतात. मला विचाराल तर पहिला प्रश्न वेगळाच आहे. दुसरं वर्ष संपेल तेव्हा तुमच्या हातात डेटा असेल का, आणि तो कुठून आलेला असेल? प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर पुढच्या सोमवारी पुन्हा लावता येतो. समुद्रात फसला तर पुढच्या वर्षी त्याच ऋतूची वाट बघायची, तीही जहाजावर जागा मिळाली तर. मोठ्या संशोधन जहाजाचा समुद्रावरचा एकेक दिवस हजारो डॉलर खातो. त्यामुळे मोहिमांचं वेळापत्रक खूप आधी ठरतं आणि त्यात पीएचडीच्या विद्यार्थ्याची सोय कुणी बघत नाही. तळाशी नांगरून ठेवलेली उपकरणं मासेमारीच्या जाळ्यात ओढली जातात. मागवलेला सेन्सर कस्टममध्ये अडकतो आणि हंगाम संपल्यावर हातात पडतो, वरातीमागून घोडं. यात कुणाची चूक असतेच असं नाही. पण असं एक वर्ष गेलं की थेसिसमधलं एक प्रकरण गेलं.

परवानगीची गोष्ट तर जाहिरातीत कधीच नसते. कुठल्याही देशाच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात परक्या देशाच्या जहाजाला संशोधन करायचं असेल, तर त्या देशाची संमती लागते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार मोहिमेचा तपशील किमान सहा महिने आधी द्यावा लागतो. हे सहा महिने कागदावरचे. उत्तर उशिरा आलं किंवा ‘नाही’ असं आलं, तर जहाज दुसरीकडे वळतं आणि तुमचे नमुने घ्यायची ठिकाणं नकाशावरच राहतात. जीवशास्त्राचे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर नागोया कराराखालची, म्हणजे जैविक संपत्तीच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची, कागदपत्रं वेगळी. प्रस्तावात तीन देशांचे किनारे दिसले की मी तरी आधी परवानग्यांचं विचारेन.

आता जहाजाच्या मोहाबद्दल. समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मारी थार्प यांचं नाव तुमच्या वाचनात आलं असेल. १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत त्या काम करत होत्या. तिथल्या जहाजांवर तेव्हा बायकांना घेत नसत. पुरुष सहकारी अटलांटिक ओलांडून यायचे, येताना प्रतिध्वनीने मोजलेल्या खोलीच्या नोंदी आणायचे, आणि थार्प टेबलापाशी बसून त्या नोंदी ओळीने कागदावर मांडायच्या. मांडता मांडता त्यांना दिसलं की अटलांटिकच्या मधोमध जी डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून एक खोल दरी सलग चालली आहे. समुद्रतळ तिथे फाटतोय. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी सुरुवातीला ही ‘पोरींची बडबड’ म्हणून उडवून लावली. पुढे भूकंपांची ठिकाणं त्याच दरीवर येऊन बसली, तेव्हा त्यांनाही मान्य करावं लागलं. भूखंड सरकतात, हे जगाला पटवण्यात त्या नकाशांचा मोठा हात आहे. थार्प स्वतः संशोधन मोहिमेवर गेल्या त्या साठचं दशक सरत आल्यावर. त्यांना जहाजावर घेतलं नाही हा अन्यायच होता, त्याचं कौतुक नको. पण शोध लागला तो टेबलापाशी, दुसऱ्यांनी आणलेल्या आकड्यांतून, हेही खरं.

आज तर टेबलापाशी बसणाऱ्याला मिळणारा डेटा कल्पनेपलीकडचा आहे. आर्गो प्रकल्पाचे जवळपास ४,००० स्वयंचलित तरंगक जगभरच्या समुद्रांत फिरताहेत. साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरायचं, तिथून तापमान आणि क्षारता मोजत वर यायचं, उपग्रहाला आकडे पाठवायचे आणि पुन्हा बुडी मारायची. असे २० लाखांहून अधिक उभे छेद गोळा झालेत आणि ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तुम्हाला ध्रुव हवाय ना? जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ हे हिमभेदक जहाज २०१९च्या शरदापासून वर्षभर आर्क्टिकच्या बर्फात मुद्दाम गोठवून वाहू दिलं होतं. मोझेक मोहीम ती. तिचा डेटा २०२३पासून सर्वांना खुला आहे. त्यावर पुढची कित्येक वर्षं पीएचडी होत राहतील, आणि त्या करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो बर्फ पाहिलेलाही नसेल. समुद्रतळाच्या गाळात लाखो वर्षांचं हवामान वाचणाऱ्यांची गोष्टही तीच. त्यांचं मोठं खोदकाम जहाज ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ २०२४मध्ये सेवेतून गेलं, तेव्हा या विषयाचं आता काय, अशी हळहळ झाली. नवीन खोदकाम कमी झालंय हे खरंच. पण आजवर काढलेले गाळाचे दंड, म्हणजे तळातून नळीने काढलेले गाळाचे लांब गोल तुकडे, जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सास आणि जपानमध्ये कोची इथल्या शीतगृहांत नीट रचून ठेवलेत. प्रस्ताव लिहून नमुना मागवता येतो. अशा विषयावर जागा निघाली आणि मार्गदर्शकाने ‘दंड आधीच मागवलेत’ असं सांगितलं, तर ती संधी नव्या मोहिमेच्या आश्वासनापेक्षा भक्कम समजा.

हे लक्षात ठेवून तुमच्या हातातल्या दोन गोष्टी बघू.

मायक्रोप्लास्टिक वाईट विषय नाही. प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या गटाचा २००४मधला निबंध आला आणि त्यानंतर या विषयाने वेग घेतला. अडचण अशी की ‘अमुक किनाऱ्यावर दर किलो वाळूत इतके कण सापडले’ या पातळीवरचं काम आता ढिगाने झालंय. पुढचं काम करायचं तर सापडलेला कण प्लास्टिकच आहे, आणि कुठलं प्लास्टिक आहे, हे दाखवावं लागतं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते ठरत नाही. सुती धागा, रंगाचा पोपडा, शिंपल्याचा कपचा, सगळं प्लास्टिकसारखं दिसतं. त्यासाठी एफटीआयआर किंवा रमन वर्णपटमापी, म्हणजे प्रकाशाच्या वर्णपटावरून पदार्थ ओळखणारं यंत्र, लागतो, आणि नुसता संस्थेत असून उपयोग नाही. तुमच्या वाट्याला त्याचे तास यावे लागतात. शिवाय नमुना हाताळताना तुमच्याच कपड्यांचे तंतू त्यात पडतात. म्हणून प्रत्येक खेपेला वाळू न घातलेले कोरे नमुनेही त्याच पद्धतीने तपासावे लागतात, आणि परीक्षक पहिला हात तिथेच घालतो. या प्राध्यापकांकडे उपकरण आहे का, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. पैसे नाहीत हे मात्र आहे. आता जोडून बघा. ज्या प्रकल्पात विद्यार्थ्याला द्यायला पैसे नाहीत, त्यात उपकरणाच्या तासांना, रसायनांना आणि प्रवासाला पैसे कुठून येणार? बिनपगारी पीएचडीला माझा विरोध आहे तो विद्यार्थ्याचे हाल होतात म्हणून, आणि तितकाच ही दुसरी शंका येते म्हणूनही. ‘पुढचं पुढे बघू’ यावर चार वर्षं बेतायची नसतात.

खारं पाणी नदीत शिरण्याचा विषय तुम्हाला खुर्चीतला वाटतोय. मला तो किनारी विज्ञानातल्या सगळ्यात जिवंत विषयांपैकी वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळते.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड. नदीचं पाणी वरून बाहेर वाहतं आणि त्याच्या पोटाखालून खारं पाणी तळाला धरून आत सरकतं. भरतीचा जोर जास्त असेल तर दोन्ही घुसळून एक होतात, कमी असेल तर खालचा खारा थर पाचरीसारखा लांबवर आत जातो. नदीला पाणी कमी आलं की पाचर आणखी वर चढते. मोठी जहाजं यावीत म्हणून पात्र खोल केलं, तरीही चढते. समुद्राची पातळी वाढतेय, तीही भर घालते. २०२३मध्ये अमेरिकेत दुष्काळाने मिसिसिपीचा प्रवाह इतका रोडावला की मेक्सिकोच्या आखातातलं खारं पाणी तळातून वर सरकू लागलं. ते अडवायला लष्कराच्या अभियंत्यांनी नदीच्या तळावर पाण्याखाली गाळाचा बांध घातला. मुखाजवळच्या वस्त्यांच्या नळाला खारं पाणी आलं आणि वरून बार्जमधून गोडं पाणी आणावं लागलं. व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात कोरड्या ऋतूत भातशेतीवर हेच संकट येतं. किती दिवसांनी, कुठल्या पंपापर्यंत मीठ पोचेल, हे आधी सांगता आलं तर पाणीपुरवठावाल्यांना ते आजच हवंय. भौतिकशास्त्राची पार्श्वभूमी आणि तीन वर्षं कोड लिहिल्याचा अनुभव असलेला माणूस या कामाला जितका लागू पडतो, तितका क्वचितच कुणी. या क्षेत्रातल्या बऱ्याच मॉडेलांचा गाभा आजही फोर्ट्रान या जुन्या संगणकी भाषेत आहे. जुन्या कोडला न घाबरणारा विद्यार्थी मिळाला की गट खूश असतो. मुलाखतीत नोकरीची वर्षं ‘मध्येच गेलेली’ म्हणून सांगू नका.

मॉडेलचा धोका मात्र ओळखून असा. त्यात तळाच्या खरखरीतपणाचा एक गुणांक असतो, मिसळणुकीचे दोन-तीन असतात. ते इकडे-तिकडे फिरवले की निकाल हव्या त्या आकड्याशी जुळवता येतो. जुळला म्हणून भौतिकी बरोबर, असं नव्हे. एका दुष्काळाशी जुळवलेलं मॉडेल पुढच्या दुष्काळात तोंडावर पडतं. त्याला शिस्त लावतात ती निरीक्षणं, म्हणून इथेही प्रश्न तोच : कोणाची निरीक्षणं, किती ठिकाणी, किती खोलींवर, किती वर्षांची? पृष्ठभागावरच्या एका सेन्सरच्या आकड्यांवर तळातून येणारी पाचर तपासता येत नाही. आणि सेन्सर पाण्यात सोडून विसरून चालत नाही. काही आठवड्यांत त्याच्यावर शेवाळ आणि कालवांची पिल्लं बसतात, विद्युतवाहकता कमी दिसायला लागते आणि कागदावर नदी हळूहळू गोडी होत जाते. ते खोटं गोडं पाणी ओळखायला तिथे कुणीतरी नियमितपणे जाऊन बाटलीत नमुना घ्यायचा असतो. तो ‘कुणीतरी’ तुम्ही व्हायला मागा.

म्हणजे पाण्यावर जाणं इथेही आहे. या विषयात भरती-ओहोटीच्या पूर्ण चक्राचं मोजमाप करतात. चक्र सुमारे साडेबारा तासांचं, म्हणून बोट तेरा तास एका जागी नांगरून ठेवायची. दर अर्ध्या तासाला क्षारता आणि तापमान मोजणारं सीटीडी तळापर्यंत सोडायचं, वर घ्यायचं, वेळ लिहायची, पुन्हा सोडायचं. पहाटे सुरू केलं तर संध्याकाळ होते. प्रवाह उलटतो तेव्हा बोट नांगराभोवती फिरते आणि दोर गुंतू नये म्हणून सगळे ओरडत असतात. दुपारी केव्हातरी पडद्यावर दिसतं की वरचे तीन मीटर अजून समुद्राकडे चाललेत आणि तळाचं पाणी आधीच आत वळलंय. जन्मभर पुस्तकं वाचून जे उमजत नाही ते त्या एका दिवशी उमजतं, असं मी म्हणणार नाही. पण मॉडेलमधला थर ज्याने स्वतः मोजलाय, तो त्याचे गुणांक वाटेल तसे फिरवत नाही, हे पाहिलंय.

आता दुसऱ्या मुलाखतीत काय विचाराल ते. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतात, तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. निरीक्षणांचा डेटा आज, या क्षणी, गटाच्या सर्व्हरवर आहे की पुढे गोळा व्हायचाय? बाहेरच्या खात्याचा असेल तर लेखी करार झालाय का? त्यावर मी पेपर लिहू शकेन ना, आणि पहिलं नाव माझं असेल ना? क्षेत्रकाम किती आणि त्याचे पैसे प्रकल्पात धरलेत का? प्रकल्पाचा निधी कधी संपतो? शेवटच्या प्रश्नावर जरा जास्त थांबा. कित्येक ठिकाणी निधी तीन वर्षांचा असतो आणि त्याच विद्यापीठात पीएचडी व्हायला सरासरीने चार वर्षं लागतात. मधलं वर्ष विद्यार्थी कशावर काढतो हे तिथल्या विद्यार्थ्यालाच विचारावं. तुमची जागा चार वर्षांची आहे असं म्हणता, तरी करार सलग चारचा की आधी एक आणि मग वाढवू असा, हे बघा. मुलाखतीनंतर सध्याच्या एका विद्यार्थ्याशी आणि बाहेर पडलेल्या एकाशी मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत बोलायची परवानगी मागा. देतात. न देणारा मार्गदर्शक भेटला, तर उत्तर मिळालंच.

पगाराचं गणित देशागणिक इतकं वेगळं आहे की तुलना करताना लोक फसतात. नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन इथे पीएचडीचा विद्यार्थी नोकरदार असतो. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा शिकवण्यासारख्या कामाचा पाव हिस्सा धरून चार. जर्मनीत करार असतो, पण बऱ्याचदा पूर्ण पदाचा नव्हे, दोन तृतीयांश किंवा पाऊण. काम अर्थातच पूर्ण. ब्रिटनमध्ये साडेतीन ते चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळते, मात्र परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरकारी निधीतल्या जागा ३० टक्क्यांपर्यंतच, आणि जादा फी कोण भरणार ते विचारावं लागतं. अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरून चला. पहिली दोन बरीचशी अभ्यासक्रमात जातात. वुड्स होल समुद्रविज्ञान संस्था आणि एमआयटीचा १९६८पासूनचा संयुक्त कार्यक्रम असो की कॅलिफोर्नियातली स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था, साचा थोडाफार तोच. भौतिकशास्त्रातून येणाऱ्याला ती दोन वर्षं उपयोगी पडतात, कारण द्रवगतिकी नीट शिकवली जाते. तिथले अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात, आणि निधीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा बहुतेक विद्यापीठांनी मान्य केली आहे. त्याआधी कुणी घाई करत असेल तर या तारखेची नम्रपणे आठवण करून द्या. भारतात नेट-जेआरएफसारखी परीक्षा पास झाली की फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर असते. ही व्यवस्था लोक कमी लेखतात. तुमचे पैसे तुमच्या खिशात असले की मार्गदर्शक निवडताना आणि वेळ आलीच तर बदलताना हात मोकळे राहतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती सेवा केंद्रात जायचं ठरलं तरी हा मुद्दा लागू.

युरोपीय संघाच्या मेरी क्युरी जाळ्यांतल्या, म्हणजे अनेक संस्था मिळून चालवतात त्या पीएचडी कार्यक्रमांतल्या, जागांवर लक्ष ठेवायचं असेल, तर तिथली अट आधी वाचा : ज्या देशात जागा आहे, तिथे तुम्ही भरतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. म्हणजे ‘आधी तिथे जाऊन एक मास्टर्स करतो, मग अर्ज करतो’ ही चाल नेमकी उलटी पडते. या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर एकत्र सापडतात. थेट प्राध्यापकांना मेल लिहायची तर अर्ध्या पानाच्या आत आटपा. त्यांच्या कामातली एक गोष्ट जी तुम्ही खरोखर वाचली आहे, तुम्हाला येणारी एक गोष्ट जी त्यांना लागेल, आणि जागा आहे का हा सरळ प्रश्न. ‘लहानपणापासून समुद्राचं वेड’ हे वाक्य रोज दहाजण पाठवतात. त्याऐवजी आर्गोचा डेटा उतरवून पायथनमध्ये एखादी आकृती काढा आणि दुवा द्या. तुमच्यासारख्याला ते शनिवार-रविवारचं काम आहे.

ध्रुवीय मोहिमेवर जायला पीएचडी ध्रुवावरच असावी लागत नाही. मोठ्या मोहिमांना पाण्याचे नमुने घ्यायला हात कमी पडतात आणि मुख्य शास्त्रज्ञ इतर गटांतून माणसं घेतात. तुमच्या पहिल्या पेपरनंतर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मार्गदर्शकाकडे हा विषय काढा. पोगो नावाची समुद्रनिरीक्षण संस्थांची जागतिक संघटना आहे, तीही तरुण संशोधकांना जहाजावर शिकायला फेलोशिप देते. तिथे काय करायला लागेल त्याची कल्पना असू द्या. सीटीडीभोवती बाटल्यांचं कडं असतं, बऱ्याचदा २४ बाटल्या. ती चौकट हजारो मीटर खालून वर आली की नमुने वाट्टेल त्या क्रमाने काढायचे नसतात. हवेशी लगेच देवाणघेवाण करणारे वायू आधी, त्यात विरलेला ऑक्सिजन अगदी सुरुवातीला, मग कार्बन, मग पोषकद्रव्यं, आणि मीठ कुठे पळून जात नाही म्हणून क्षारता सगळ्यात शेवटी. ऑक्सिजनची कुपी भरताना नळी तळाला टेकवून पाणी दोन-तीन कुप्यांइतकं वाहू द्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये, मग दोन रसायनं घालून झाकण लावायचं आणि हलवायचं. आत तपकिरी साका धरतो. बोटं गारठून बधिर झालेली असतात आणि घड्याळात पहाटेचे तीन. ज्याला हे काम आठवडाभर न चिडता जमतं, त्याला पुढच्या मोहिमेचं बोलावणं येतं.

पोहता न येण्याचं फार मनावर घेऊ नका. मोठ्या संशोधन जहाजांवर शास्त्रज्ञांना सहसा ती अट नसते. वैद्यकीय तपासणी लागते, ध्रुवीय मोहिमांना दातांचीही लागते, आणि बऱ्याच ठिकाणी जीवरक्षक पोशाख घालून पाण्यात उतरण्याचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं लागतं. तरी पोहायला शिकाच. नदीमुखातल्या छोट्या बोटींवर ते जास्त कामाचं, आणि चार महिन्यांत येतं. पाण्याखाली बुडी मारून नमुने घेण्याचा विषय असता तर गोष्ट वेगळी होती.

बोट लागते ती बहुतेकांना लागते. जुन्या खलाशांनाही पहिल्या दिवशी लागते, ते फक्त बोलत नाहीत. बऱ्याच जणांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. गोळी डॉक्टरांना विचारून निवडा, जहाज सुटायच्या आधी घ्या आणि घरी एकदा घेऊन बघा, कारण काही गोळ्यांनी भयंकर झोप येते. उघड्यावर क्षितिज दिसेल असं बसायचं, लॅपटॉपमध्ये डोकं घालायचं नाही. हे सगळं करूनही ज्यांना तिसऱ्या आठवड्यात उलट्या थांबत नाहीत अशी थोडी माणसं असतात. ती किनाऱ्यावर राहून उत्तम विज्ञान करतात.

वयाचा प्रश्न तुम्ही शेवटी घातलात, मीही तिथेच ठेवते. २८ला सुरू करून ३२-३३ला पूर्ण होईल. या क्षेत्रात अभियांत्रिकीतून, नौदलातून, शिक्षकी पेशातून उशिरा आलेले पुष्कळ भेटतात. उपग्रह, पवनचक्क्या, बंदरं, विमा, हवामान सेवा अशा ठिकाणी पुढे नोकऱ्या आहेत, आणि तिथे तुमची सॉफ्टवेअरची वर्षं मोजली जातात.

या आठवड्यात एवढं करा. विद्यापीठाच्या गटाने गेल्या पाच वर्षांत छापलेले दोन पेपर काढा आणि त्यातला फक्त ‘निरीक्षणं’ हा भाग वाचा. कुठल्या खात्याचे सेन्सर, किती खोलींवर, कुठल्या वर्षांचे, हे एका कागदावर लिहा. तुमचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील आणि उरलेले नेमके होतील. मायक्रोप्लास्टिकवाल्या प्राध्यापकांना मात्र विद्यापीठाच्या उत्तरासाठी लटकत ठेवू नका. त्यांनी तुम्हाला विचारलं, त्याबद्दल आभार माना, निधीशिवाय चार वर्षं काढणं शक्य नाही असं एका ओळीत सांगा, आणि पुढे प्रकल्प मंजूर झाला तर कळवा म्हणा. हे क्षेत्र लहान आहे. तुमचा पहिला पेपर तपासायला त्यांच्याकडेही जाऊ शकतो.